योसेफाच्या दिव्यातलं तेल

गायनाची तालीम आटोपून एरोनी मास्तर घरी परतत, तेव्हा फिजीतल्या सगळ्या सुव्हा शहरात त्यांच्याइतका सुखी माणूस शोधून सापडला नसता. खर्जातल्या बाप्यांनी शेवटी एकदाचा सूर धरलेला असे, वरच्या पट्टीतल्या बायांनी तो सोडलेला नसे, आणि ते सगळं कानात साठवून मास्तर राईवांगा वस्तीतल्या आपल्या इमारतीचा जिना तालात चढत असत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दोनच उद्योग होते. चर्चचा गायनवृंद तयार करायचा आणि पाळी आली की प्रवचन करायचं. प्रवचनातही मधेच गाणं उचलायची त्यांची खोड होती, आणि लोक येत ते त्या खोडीसाठीच.

त्या संध्याकाळी जिन्याच्या वळणावर फोन वाजला आणि ताल चुकला.

"बाबा, घरात कारखाना काढलाय का?" ब्रिस्बेनहून मुलगी विचारत होती. तिचं नाव लोआता.

"कसला कारखाना?"

"विजेचं बिल बघा. नाही, तुम्ही कसं बघणार, ते माझ्याकडे येतं. ईस्टरपासून दर महिन्याला वाढतंय. दोन खोल्यांचं घर, दोन म्हातारी माणसं, आणि बिल एखाद्या हॉटेलाचं."

बिल लोआताच्या फोनवर जाई आणि तिथल्या तिथे भरलं जाई. त्यामुळे वीज ही पावसासारखी वरून आपोआप पडणारी वस्तू आहे असा मास्तरांचा प्रामाणिक समज होता.

"हवा गरम आहे," ते म्हणाले.

"जुलै चाललाय, बाबा, थंडीचे दिवस. मी स्पष्ट सांगते. तुम्हाला आता तिथं झेपत नाही. पुढचं बिल असंच आलं तर मी येणार आणि दोघांना इकडे घेऊन जाणार. इथं मोठं घर आहे. चर्चसुद्धा आहे."

ते चर्च मास्तरांनी पाहिलं होतं. तिथली उपासना तासाभरात आटपत असे आणि लोक घड्याळाकडे बघत गात. खर्ज म्हणून तिथं एकच गृहस्थ होते आणि त्यांनाही दमा होता. बिल गेलं खड्ड्यात, पण वृंद सोडायचा? गायनवृंदांची ऑगस्टातली स्पर्धा तोंडावर आली होती.

घरात शिरताच त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. विलिमायना कसावा सोलत होती. तिनं ऐकून घेतलं, "असं म्हणाली का," एवढंच बोलली, आणि पुढचा कसावा हातात घेतला. विलिमायनाबाई कमी बोलत, हे साऱ्या मंडळीला ठाऊक होतं. त्या बोलत त्या फक्त गाताना. रविवारी दुपारी चर्चमधल्या म्हाताऱ्या बायका फेर धरून बसत आणि बायबलातली आख्यानं सवाल-जवाबात गात. त्यात सवाल टाकण्याचा मान विलिमायनाबाईंचा. त्या सवाल टाकत आणि बायका टाळ्यांवर जवाब देत, तेव्हा रस्त्यानं जाणारी बससुद्धा जरा हळू जाते असं मास्तर म्हणत. कौतुकात थोडी भर असेलही. पण ज्यानं ते गाणं ऐकलं आहे तो मास्तरांशी वाद घालणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सल्लागार जमले. खालच्या मजल्यावरचे बिसुनदेव हे जन्मभर टॅक्सी चालवलेले गृहस्थ. मंगळवारी त्यांच्याकडे रामायण मंडळी बसे आणि ढोलकी त्यांच्याच हातात असे. ते आले आणि नेहमीच्या जागी, म्हणजे मधल्या वाटेत घरघरणाऱ्या फ्रीझरच्या झाकणावर, ऐसपैस बसले. वरच्या मजल्यावरच्या मेरेआनी नर्सबाई रात्रपाळी करून आल्या होत्या. त्या दाराला टेकल्या.

"मास्तर, टीव्ही," बिसुनदेव म्हणाले. "बटण बंद केलं तरी आतून तो जागाच असतो. माझा भाचा सांगतो."

"तुमचा भाचा टीव्ही विकतो ना?" मेरेआनी म्हणाल्या.

"म्हणून तर त्याला माहीत."

"मला विचाराल तर इस्त्री. मास्तरांचा सुलू बघा, कागदासारखा कडक असतो. वीज तिथं जाते."

"उपदेशकानं चुरगळलेला सुलू नेसून वेदीसमोर उभं राहायचं का?" मास्तरांनी कमरेभोवतीचा सुलू सावरत दुखावून विचारलं.

"देव आतलं बघतो म्हणता ना तुम्ही?"

यावर मास्तरांजवळ उत्तर होतं, पण ते लांब होतं. बिसुनदेव मधेच उठले, बूड चोळत म्हणाले, "गार लागलं," आणि झाकण उघडून आत डोकावले. "माझ्या बोकडाच्या मटणावर कुणी मासे टाकलेत?"

"माझे आहेत. कालच कादाव्हू बेटावरून बोट आली."

"असू द्यात, असू द्यात. मी आपलं विचारलं."

त्या दिवसापासून मास्तरांच्या घरात तपश्चर्या सुरू झाली. पंखा बंद. टीव्ही भिंतीकडे तोंड करून उभा. केटली कपाटात गेली आणि लिंबाच्या पानांचा चहा रॉकेलच्या स्टोव्हवर होऊ लागला. त्याला रॉकेलचा वास येई, पण मास्तर तो डोळे मिटून पीत. कडक इस्त्रीचा सुलू जाऊन गादीखाली दाबलेला सुलू आला. त्यावर गादीच्या शिवणीचा ठसा उमटे, आणि एका रविवारी मागच्या बाकावरच्या पोरी तो ठसा बघून इतक्या खुदखुदल्या की मास्तरांना वाटलं आपण प्रवचनात काहीतरी विनोदी बोललो. म्हणून त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

बिल आलं. ते आधीपेक्षा मोठं होतं.

"बाबा, मी तिकीट बघते आहे," लोआताचा निरोप आला.

"मीटर खोटं आहे," बिसुनदेवांनी निकाल दिला. "परीक्षा घेऊ. घरातलं सगळं बंद करा, आणि मी खाली चाक बघतो."

शनिवारी भर दुपारी परीक्षा झाली. मास्तरांनी खोलीखोलीत फिरून एकेक वस्तू बंद केली. दिवे, पंखा, रेडिओ, स्वतःचा छोटा फ्रिज, सगळं. भिंतीवरचं घड्याळ सेलवर चालतं हे माहीत असूनही त्यांनी ते उतरवून उताणं ठेवलं. मग खिडकीतून वाकून विचारलं, "थांबलं का?"

"पळतंय, मास्तर," खालून आवाज आला. "घोड्यासारखं पळतंय."

मास्तरांचं मन एकदम हलकं झालं. आपली तपश्चर्या खरी, मीटर खोटं. सोमवारी सकाळी गादीखालचा सुलू नेसून ते वीज कचेरीत गेले.

कचेरीच्या पहिल्या खिडकीत तानिएला बसला होता, आणि इथंच घात झाला. तानिएला हा मास्तरांच्या सख्ख्या मामाचा मुलगा. आता मामेभाऊ आणि आतेभाऊ भेटले की त्यांनी एकमेकांची टर उडवायची, हा वाडवडिलांपासूनचा रिवाज. सरळ बोललं तर काहीतरी बिनसलंय, दुरावा आलाय, असा त्याचा अर्थ होतो. त्यामुळे तक्रार मांडायची तरी कशी?

"या, या," तानिएला सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला. "तुमच्या गावात अजून दिवा फुंकर मारून विझवतात. त्याला बटण असतं हे कुणी सांगितलं नाही वाटतं?"

"सांगितलं होतं," मास्तरांना म्हणावंच लागलं. "पण सांगणारा तुझ्या गावचा होता, म्हणून विश्वास बसला नाही."

रांग हसली. रांगेतल्या एकाचं गाव मास्तरांच्या गावाशेजारचं निघालं, त्यानंही दोन टोले हाणले. तानिएलानं मास्तरांच्या गादीछाप सुलूवर एक आख्खं आख्यान लावलं. मास्तरांनी तानिएलाच्या टकलावर दिवा लावला तर कचेरीचं बिल कमी येईल अशी सूचना केली. मोठी बहार आली. घरी बसमध्ये बसल्यावर मास्तरांच्या ध्यानात आलं की तक्रार सांगायची राहूनच गेली.

दुसऱ्या खेपेला ते शहाणपणानं दुसऱ्या खिडकीसमोर उभे राहिले. खिडकीतल्या बाईंनी मान वर केली, मास्तरांकडे पाहिलं आणि चटकन खाली घातली. त्या सालानिएता, नात्यानं मास्तरांची बहीण. आणि भावाबहिणीनं एकमेकांशी थेट बोलायचं नाही, हा दुसरा रिवाज. मास्तर छताकडे बघत उभे राहिले. सालानिएताबाई शिक्क्याकडे बघत बसल्या. मागची रांग वाढू लागली.

शेवटी सालानिएताबाईंनी पहिल्या खिडकीकडे तोंड केलं. "तानिएला, समोर जे उभे आहेत त्यांना काय हवंय विचार."

"समोर एक सुलू उभा आहे," तानिएला म्हणाला. "आत माणूस आहे का बघून सांगतो."

"तिला सांग," मास्तर छताला म्हणाले, "सगळं बंद केलं तरी चाक पळतंय."

"ते म्हणतात, सगळं बंद पडलंय पण जीभ पळतेय."

"तानिएला," सालानिएताबाई शिक्क्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "त्यांना सांग, मी माणूस पाठवते. आणि माणूस म्हणून तूच जा."

तानिएला शुक्रवारी आला. आल्याबरोबर त्याला बसवणं, यांगोनाच्या मुळ्यांचं पेय घोटून देणं, मामीची चौकशी करणं हे ओघानं आलंच. मग त्यानं मीटर पाहिलं, ते ठीक होतं. तारा पाहिल्या, त्या ठीक होत्या. मास्तरांनी त्याच्यासमोर पुन्हा सगळं बंद करून दाखवलं. घर शांत झालं, आणि त्या शांततेत मधल्या वाटेतून घरघर ऐकू आली.

"ते काय आहे?" तानिएलानं विचारलं.

"कुठं काय?"

"ते. म्हशीएवढं पांढरं."

"तो फ्रीझर. पण तो आमचा नाही."

"मग कुणाचा?"

"चर्चचा. ईस्टरच्या महोत्सवाला समितीनं आणला. समितीकडे जागा नव्हती, म्हणून सोमवारपर्यंत आमच्याकडे ठेवला."

"कुठल्या सोमवारपर्यंत?"

मास्तरांनी यावर विचार केला नव्हता.

तानिएलानं झाकण उघडलं. आत बिसुनदेवांचं मटण होतं, मेरेआनीबाईंचे मासे होते, चौथ्या बिऱ्हाडाची अळूची पानं होती, पाद्रीसाहेबांच्या मुलीच्या लग्नाचं डुक्कर अर्धं होतं, आणि तळाशी बर्फात गोठलेलं कुणाचं काय होतं ते देवालाच ठाऊक. "यातलं तुझं काय?"

"काहीच नाही. आमचं आमच्या फ्रिजमध्ये असतं."

"आणि परीक्षेच्या दिवशी हा चालूच होता?"

"दुसऱ्याच्या वस्तूला हात कसा लावायचा?" मास्तरांनी सरळपणे विचारलं.

तानिएलानं झाकण लावलं. मामेभावाला शोभेल अशी निदान दहा वाक्यं त्याच्या जिभेवर आली असतील, पण त्यातलं एकही त्यानं उच्चारलं नाही. मास्तरांना तीच गोष्ट सगळ्यात जास्त लागली.

रोग सापडला, पण औषध? लोकांना 'आपापलं सामान उचला' म्हणायचं? शेजारी दारात येऊन "एवढं जरा ठेवता का?" म्हणाला, की ते मागणं झालं. त्या मागण्याला केरेकेरे म्हणतात आणि त्याला नकार नसतो. मास्तरांच्या घराण्यात कुणी नाही म्हटल्याची आठवण नव्हती. तरी त्यांनी हिय्या केला. शनिवारी सकाळभर आरशासमोर 'आता जागा नाही' या तीन शब्दांची तालीम केली, खर्जात केली, मधल्या सप्तकात केली. दुपारी बिसुनदेव हातात सोललेली बदकं घेऊन आले.

"मास्तर, एवढी ठेवता का?"

मास्तरांनी श्वास घेतला. "एवढीच?" ते म्हणाले. "अजून असतील तर आणा."

विलिमायनाबाई कोपऱ्यात चटई विणत होत्या. दाबलेल्या हसण्यानं त्यांच्या खांद्यांना हलकासा गचका बसला, पण त्यांनी मान वर केली नाही.

मग मास्तरांनी आपलं खरं हत्यार काढलं. रविवारी प्रवचनाची पाळी त्यांचीच होती. त्यांनी योसेफाची कथा घेतली. मिसर देशात दुष्काळ येणार म्हणून योसेफानं कोठारं भरली. बेत असा होता की कोठार सांभाळणाऱ्याचे कष्ट सांगायचे, पहारा, हिशेब, खर्च सांगायचा, आणि ऐकणाऱ्यांनी काय ते समजून घ्यायचं. सुरुवात ठरल्याप्रमाणे झाली. पण दुष्काळ आला, भुकेले लोक कोठाराशी आले आणि योसेफानं दार उघडलं, त्या जागी मास्तरांची जुनी खोड उसळून आली. त्यांनी गाणं उचललं. वृंदानं ते वरच्या वर झेललं. "ये, ज्याला हवं त्यानं ये, दार उघडं आहे," असं खर्जातले बापे गाऊ लागले, बायका रडू लागल्या, मास्तर स्वतः रडू लागले. असं प्रवचन पाच-दहा वर्षांत झालं नव्हतं. सगळे भारावून घरी गेले, आणि संध्याकाळी पलीकडच्या इमारतीतली दोन बिऱ्हाडं कासवाएवढे दोन डबे घेऊन दारात उभी राहिली.

"मास्तर, तुम्ही सकाळी म्हणालात ना," ती मंडळी म्हणाली.

त्या आठवड्याच्या शेवटी लोआता विमानातून उतरली. तिनं फ्रीझरकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि आईला मिठी मारली. बाजारात जाऊन यांगोनाच्या मुळ्यांची एक जाडजूड जुडी आणली आणि ती कोपऱ्यात उभी केली. ती जुडी पाहताच मास्तर काय ते समजले. वाद घालणाऱ्या मुलीला त्यांनी ऐकवलं असतं, बायबलातले दाखले दिले असते. पण ही वाद घालायला आली नव्हती. ती रीतीनं चटई टाकणार, जुडी समोर ठेवणार, मान खाली घालून मागणं मागणार: ब्रिस्बेनला चला. आणि मागण्याला नकार नसतो. परदेशात इतकी वर्षं काढूनही पोरीनं हे एक शस्त्र गंजू दिलं नव्हतं.

रविवारी दुपारी इमारतीच्या अंगणात म्हाताऱ्या बायकांचा फेर बसला. इमारत जिन्यात, खिडक्यांत, पायऱ्यांवर दाटली. बिसुनदेव तर पहिल्या पायरीवर होते. गाणं कुठल्याही देवाचं असो, त्यांची जागा ठरलेली. मास्तर लोआताजवळ उभे होते. मनात म्हणत होते, हे शेवटचंच ऐकतोय की काय.

विलिमायनाबाईंनी डोळे मिटले आणि सवाल टाकला. "कोठार कुणाचं?"

"देवाचं," बायकांनी टाळीवर जवाब दिला.

"आतलं धान्य कुणाचं?"

"सगळ्यांचं."

"राखण कुणाची?"

"योसेफाची, योसेफाची."

ताल चढत गेला. सात पुष्ट गायी आल्या, सात रोड गायी आल्या, भाऊ आले, गोण्या भरल्या गेल्या. एकेका सवालागणिक बायकांचा आवाज भरत गेला, आणि मास्तर आपलं दुःख विसरून मान डोलावू लागले. आणि मग, ऐन भरात, विलिमायनाबाईंनी पाठात नसलेला सवाल टाकला.

"योसेफानं रात्रभर दिवा जाळला. दिव्यात तेल कुणी घातलं?"

टाळी पडली. जवाब आला नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, हा सवाल त्यांना कुणी शिकवला नव्हता. विलिमायनाबाईंनी डोळे न उघडता तोच सवाल त्याच सुरात पुन्हा टाकला. पुन्हा टाळी, पुन्हा रिकामी जागा. जिन्यात चुळबूळ झाली. मेरेआनीबाईंनी मास्तरांच्या दाराकडे पाहिलं. तिथून घरघर ऐकू येत होती, आणि बहुधा पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू येत होती.

तिसऱ्यांदा सवाल आला. बिसुनदेवांचा जन्म ढोलकीवर गेलेला. समोरून ओळ यावी आणि ती कुणी उचलू नये, हे त्या माणसाला कसं सोसावं? त्यांचा हात मांडीवर पडला आणि तोंडातून निघून गेलं, "आम्ही घालू."

"आम्ही घालू," बायकांनी झेललं.

"आम्ही घालू," जिना म्हणाला, खिडक्या म्हणाल्या. आणि विलिमायनाबाईंनी क्षणही न दवडता पुढचा सवाल टाकला, "आधी कोण?" आणि मेरेआनीबाईंनी वरून, टाळीवर, सुरात सांगितलं, "आधी बिसुन."

फेर उठला तेव्हा बिसुनदेव जरा चक्रावलेले होते, पण शब्द गेला होता. गायनवृंदातल्या खर्जाच्या बाप्यांनी त्याच संध्याकाळी फ्रीझर खाली उतरवला. एक महिना बिसुनदेव, मग मेरेआनी, मग पुढचं बिऱ्हाड, मग पलीकडची इमारत. कुणी कुणाला नाही म्हटलं नाही, कुणी कुणाला टोचून बोललं नाही. मास्तर रिकाम्या मधल्या वाटेत उभे राहून बायकोकडे बघत राहिले. आपण दार उघडं म्हणून गळा काढला आणि घरात डबे आले. हिनं तीच कथा घेतली, तोच योसेफ घेतला, आणि एक ओळ मोकळी सोडली. प्रवचन म्हणजे काय हे आपल्याला आजवर कळलंच नव्हतं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

पण कोपऱ्यातली जुडी होती तिथेच होती.

सोमवारी सकाळी लोआतानं चटई अंथरली. जुडी मधे ठेवली. गुडघे मुडपून बसली, मान खाली घातली, हात मांडीवर घेतले. मास्तरही तिच्यासमोर बसले, न बसून सांगतात कुणाला? गादीछाप सुलूची घडी त्यांनी गुडघ्यांवर नीट केली. बिलाचं निमित्त गेलं होतं, तरी माया होती, आणि मायेला निमित्त लागत नाही. लोआतानं घसा साफ केला.

"लोआता," विलिमायनाबाई म्हणाल्या. त्या नुकत्याच स्वयंपाकघरातून आल्या होत्या. चटईच्या कडेला टेकल्या आणि त्यांनीही मान खाली घातली. "तुझ्याआधी माझं एक मागणं आहे."

"तुझं? माझ्याकडे?" लोआता गोंधळली. "माग की, आई."

"नाही म्हणणार नाहीस?"

"नाही कसं म्हणेन?"

"तू आता जे मागणार आहेस," विलिमायनाबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "ते मागू नकोस."

लोआतानं जुडीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"आई, हे काही बरोबर नाही."

"नाही म्हणतेस?"

"नाही म्हणत नाही." लोआताच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच्यामागोमाग, आवरेनासं, हसू आलं. "बरं. नाही मागत. दिलं."

विलिमायनाबाईंनी रीतीप्रमाणे तीनदा मंद टाळी वाजवली, मागणं पोचलं म्हणून. मग लेकीचं डोकं जवळ ओढून हुंगलं आणि कसावा सोलायला निघून गेल्या.

मास्तर मात्र चटईवर थांबले नाहीत. त्यांनी जुडी काखेत मारली, "आणलीच आहेस तर तालमीला होईल," असं काहीतरी पुटपुटले, टोपी घेतली आणि संध्याकाळच्या तालमीला सकाळीच बाहेर पडले. घरात दोन बायका होत्या, दोघींनाही मागायची रीत येत होती, आणि स्पर्धा अवघ्या आठवड्यावर आली होती.